आईची पाच बाळंतपणं

(रुग्णालयातली एक लहान खोली. टेबलावर मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर. एका बाजूला डॉक्टर, समोर सासू आणि सून. सुनेचे वडील बाहेरच्या बाकावर बसले आहेत.)

सासू: …आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या दिराला दिलीय ना, ती माझ्या चुलतनणंदेची मुलगी. म्हणजे एका नात्याने माझी भाची आणि दुसऱ्या नात्याने माझ्या बहिणीची जाऊ. लिहिलंत?

डॉक्टर: नाही काकू. मी मघाशीच कुठेतरी हरवले.

सासू: घ्या! एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि दोन पिढ्यांत दमलात? अहो, आमच्याकडे कुणाचं लग्न ठरायचं असलं की आधी माझ्याकडे येतात. कोण कुणाचं काय लागतं, हिला विचारा म्हणतात. तोंडपाठ आहे सगळं.

सून: आई, डॉक्टरांना दीर-जावा नकोयत. रक्ताचं तेवढंच सांगा.

सासू: तेच सांगतेय ना! रक्ताचं कुठे संपतं नि सोयरिकीचं कुठे सुरू होतं, हे कळायला आधी सगळंच मांडावं लागतं, बाई.

डॉक्टर: काकू, मी नवा कागद घेते. तुमच्या मुलालाही विचारलं होतं मी सकाळी, रक्त घेताना. तो म्हणाला, आईला विचारा, मला माझ्या आत्यासुद्धा धड ओळखू येत नाहीत.

सासू: तो एक शहाणा! दिवसभर क्रेनवर बसून वरून बघतो, खाली कोण उभंय त्याचा पत्ता नाही. रक्त दिलं आणि पळाला कामावर.

डॉक्टर: असू दे. हे बघा, मला नावं नकोत. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. वर तिरकी रेघ असली की ते माणूस गेलेलं. हा चौकोन तुमचा मुलगा, हा गोल तुमची सून. मधली रेघ म्हणजे लग्न.

सासू: अगंबाई, माणसांची काय भूमिती करून टाकलीत!

सून: आणि हे खालचे दोन?

डॉक्टर: तुमची बाळं.

सून: एवढे लहान काढलेत.

डॉक्टर: मोठे करू का? सगळे सारखेच काढायचे असतात खरं तर. जागा कमी पडली.

सून: नको. राहू द्या. लहानच होते. आणि हा तिसरा चौकोन तिरका का?

डॉक्टर: हे आत्ताचं. मुलगा की मुलगी माहीत नाही, म्हणून असं काढतात. नववा आठवडा ना?

सून: नऊ पूर्ण झाले काल.

डॉक्टर: मग काकू, तुम्हालाही एकदा नीट सांगते, आपण हे कशासाठी करतोय. हिची दोन्ही बाळं गेली, एक जन्मानंतर सातव्या महिन्यात, एक सहाव्यात. दोन्ही वेळा तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं, न्यूमोनिया. पण हिने मला जे सांगितलं, हातपाय गळालेले, रडणं बारीक होत गेलेलं, त्यावरून मला वाटतं, मूळ आजार वेगळा होता. जन्मतः असलेला. बाळांचं रक्त कुणी जपून ठेवलं नाही, त्यामुळे आता ते तपासता येत नाही. काय शोधायचं ते कळलं, तर या बाळाची तपासणी तीन आठवड्यांत पोटातच करता येईल.

सून: आणि नाही कळलं तर?

डॉक्टर: तर जन्म होईपर्यंत थांबायचं. आणि मग बघत राहायचं.

सून: ते मला नाही जमणार, डॉक्टर. आधीच सांगून ठेवते. तिसऱ्यांदा रोज सकाळी उठून बघत बसणं माझ्याने होणार नाही.

सासू: असं बोलू नये गं. होईल सगळं चांगलं.

सून: मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात.

डॉक्टर: तुमची बाजू आधी घेऊ. वडिलांना भावंडं?

सून: नाही. बाबा एकुलते एक. आई गेली माझी, पण तिच्या तिन्ही बहिणी आहेत. सगळ्यांना दोन-दोन मुलं, सगळी धडधाकट. असं कुणाकडेच झालेलं नाही.

डॉक्टर: आणि तुमचं नवऱ्याशी आधीचं काही नातं?

सून: छे! यांच्या घराचं नावही ऐकलं नव्हतं आम्ही. आईंनीच कुठून तरी शोधून काढलं आम्हाला.

डॉक्टर: बरं. काकू, आता तुमचं माहेर. भावंडं किती तुम्ही?

सासू: दोघी बहिणी. भाऊ नाही.

डॉक्टर: आईची बाळंतपणं किती?

सासू: हे काय विचारणं?

डॉक्टर: सवय आहे माझी. मुलं किती असं विचारलं की लोक डोळ्यांसमोरची मोजतात. म्हणून मी बाळंतपणं विचारते.

सासू: पाच.

डॉक्टर: तुम्ही दोघी झालात. बाकीची?

सासू: आमच्यानंतर दोन मुलगे झाले. गेले लहानपणीच. तेव्हा जायचीच हो मुलं.

सून: हे कधी बोलला नाहीत मला.

सासू: त्यात काय बोलायचं? साठ वर्षं होत आली.

डॉक्टर: कशाने गेले?

सासू: ताप. कफ झाला छातीत. एक आठव्या महिन्यात, एक सहाव्या.

डॉक्टर: आणि त्याआधी कसे होते?

सासू: गोड होते. हसायचे. मी आले की ओळखायचे.

डॉक्टर: पाय झाडायचे?

सासू: जरा पाणी मिळेल का हो?

डॉक्टर: हे घ्या.

सून: आई, पाय झाडायचे का?

सासू: पिऊ दे की पाणी.

सून: मान धरली होती का त्यांनी?

सासू: हा पेला कुठे ठेवू?

सून: आई.

सासू: नाही धरली. दोघांनीही नाही. उचललं की डोकं मागे पडायचं. आई मानेखाली उशी करून द्यायची मला, आणि मग मांडीवर घेऊ द्यायची.

सून: आमच्या बाळांसारखं.

सासू: तसंच. अगदी तस्संच गं.

डॉक्टर: हे फार महत्त्वाचं आहे, काकू. तुमच्याकडून या आजाराचा दोष तुमच्या मुलाकडे आला असेल. पण एका बाजूने येऊन भागत नाही. बाळ आजारी पडायला तो आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो.

सून: मग माझ्याकडून कुठून आला? आमच्यात तर कुणालाच नाही.

डॉक्टर: दिसत तर नाही. कधीकधी योगायोगही असतो. अनोळखी घरातही तोच दोष निघू शकतो. काकू, पाच म्हणालात तुम्ही. हे चार झाले.

सासू: चारच असतील. चुकलं माझं.

सून: तुमचं चुकलं?

सासू: वय झालं आता.

सून: मावसजावेच्या नणंदेची बाळंतपणं तारखेनिशी पाठ आहेत तुम्हाला. आत्ता या डॉक्टरांना दमवलंत. आणि आईची मोजताना चुकलात?

सासू: अगं, सोड ना.

सून: नाही सोडत. माझ्या पोटात बाळ आहे, आई. त्याच्यासाठी विचारतायत त्या. पाचवं कोण?

सासू: मुलगा झाला आणखी एक.

डॉक्टर: तोही गेला?

सासू: नाही. तो जगला. चौथ्या महिन्यात मान धरली त्याने. मीच पहिल्यांदा बघितलं. पालथा पडला आणि डोकं वर करून माझ्याकडे बघून हसला. मी ओरडत गेले स्वयंपाकघरात, आई, धरली, मान धरली! तर आई मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, हा द्यायचा.

डॉक्टर: द्यायचा म्हणजे?

सासू: तिच्या डोक्यात बसलं होतं, या घरात मुलगा जगत नाही. वारा लागतो म्हणे इथला. हा वाचलाय तोवर घराबाहेर काढायचा. शेजारी भाड्याने एक जोडपं राहायचं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यांची बदली झाली होती लांब. आईने दहा महिन्यांचा मुलगा उचलून त्यांच्या ओटीत घातला. पुन्हा भेटायचं नाही, त्याला कधी कळू द्यायचं नाही, असं ठरलं. माझ्याकडून आणि बहिणीकडून डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आईने. नऊ वर्षांची होते मी. दहा महिने माझ्याच कडेवर होता तो. ट्रक गेला ना, तर माझी कंबर दोन दिवस वाकडीच होती. सवय झाली होती ना एका बाजूला वजनाची.

डॉक्टर: आता कुठे आहेत ते? माहीत आहे तुम्हाला?

सासू: बाहेर.

डॉक्टर: बाहेर म्हणजे परदेशात?

सासू: इथे बाहेर. बाकावर.

सून: बाकावर बाबा बसलेत.

सासू: हो.

सून: आई, बाकावर माझे बाबा आहेत.

सासू: हो गं. तोच.

डॉक्टर: जरा पाणी घ्या. दोघीही.

सून: नकोय मला पाणी. काय बोलताय तुम्ही? बाबा? म्हणजे बाबा तुमचे… म्हणजे मी तुमची…

सासू: भाची. सख्खी भाची. तुला काय वाटतं, मी सगळ्यांची नाती कशाला पाठ करत बसले जन्मभर? हौस होती मला? एकाचाच ठावठिकाणा ठेवायचा होता. त्या गावाकडचं कुणीही भेटलं की विचारायची, तुमच्याकडे अमुक अमुक राहतात का, मुलगा काय करतो, लग्न झालं का. लोकांना वाटायचं, बाईला चौकशा फार. मग एक दिवस कळलं, त्यांची नात लग्नाची आहे.

सून: म्हणून आलात आमच्याकडे.

सासू: म्हणून आले. दार त्यानेच उघडलं. कुलपाचं काम करत होता काहीतरी, हात काळे. म्हणाला, बसा, हात धुऊन येतो. मी बसले आणि मनात म्हटलं, अगं बाई, केवढा झाला हा. सत्तेचाळीस वर्षांनी बघत होते. राखी बांधू शकत नव्हते, भाऊ म्हणू शकत नव्हते. पण व्याही तर करून घेऊ शकत होते ना? व्याही म्हटलं की घरी येणं-जाणं आलं. पानावर बसवणं आलं. शपथ मोडायला नको आणि भाऊही घरी येईल. मामाच्या मुलीशी लग्नं होतातच की जगात. त्यात वाईट काय आहे, असं वाटलं मला.

डॉक्टर: कुणी विचारलं नाही का?

सासू: मलाच विचारायचे ना सगळे! मी सांगितलं, काही नातं लागत नाही. माझा शब्द कोण खोडणार?

सून: ती रेघ काढताय तुम्ही, डॉक्टर?

डॉक्टर: काढावीच लागेल. हा चौकोन तुमचे वडील, आता इकडे येतो, काकूंच्या शेजारी. वरचे आईवडील तेच. आता दोन्ही बाजू जुळतात.

सून: म्हणजे योगायोग नाही.

डॉक्टर: मला नाही वाटत.

सून: आई, एक विचारते. खरं सांगा. पहिला झाला, तेव्हा तुम्हाला कळलं होतं?

सासू: लगेच नाही.

सून: कधी?

सासू: तिसऱ्या महिन्यात. अंघोळ घालताना. पाठीवर पाणी घालायला उचलला आणि…

सून: रोज सकाळी यायचात तुम्ही खोलीत. त्याच्या मानेखाली हात घालून उचलून बघायचात. मला वाटायचं, किती लाड करते आजी. शेजारच्या बायकांना सांगायचे मी.

सासू: रोज वाटायचं, आज धरेल.

सून: आणि तो गेल्यावर? दुसऱ्या वेळी दिवस गेले, तेव्हा तर माहीत होतं ना तुम्हाला?

सासू: भीती होती.

सून: भीती नाही, माहीत होतं!

सासू: आईचा तिसरा जगला होता गं. मी रोज तेच धरून बसायचे. म्हटलं, एकदा झालं ते झालं, या वेळी नाही होणार. होतंच असं नाही. तुझा बाप जगलाच की नाही?

सून: मशीन देऊन टाकलं मी माझं. डॉक्टर, मी शिवणकाम करायचे. पोटुशी असताना आठव्या महिन्यापर्यंत पायाने मशीन चालवत होते. दोन्ही वेळा. मला वाटलं, त्याच्या हादऱ्यांनी झालं. बाळाचे पाय लुळे पडले ते माझ्या पायांमुळे. तीन वर्षं मी हे घेऊन झोपतेय. आणि या बघत होत्या. टेम्पोत मशीन चढवलं तेव्हा दारात उभ्या होत्या. एका शब्दाने म्हणाल्या नाहीत, की बाई गं, तुझं काही चुकलं नाही.

डॉक्टर: तुमचं काही चुकलेलं नाही. मशीनचा काहीही संबंध नाही. कशाचाच नाही, तुम्ही खाल्लेल्याचा, उचललेल्याचा, कशाचाच.

सून: हे यांनी सांगायला हवं होतं.

सासू: जीभ रेटली नाही गं. सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुला राग आला असता, माहेरी गेली असतीस. तो उठून गेला असता. एकदा गेलेला परत मिळाला होता मला. मी लोभी झाले. पोरी, मी लोभी झाले. आईने ज्याला ज्यातून बाहेर काढलं, त्याचीच मुलगी मी हाताला धरून परत आत आणली. आणि दोन नातवंडं माझ्याच हाताने… मार मला. खरंच मार.

सून: काय मारू तुम्हाला? रडू नका आता. मला रडायचंय, मला जागा द्या.

डॉक्टर: हा रुमाल घ्या.

सून: डॉक्टर, आता सांगा. याचं काय?

डॉक्टर: आता काय शोधायचं ते मला माहीत आहे, हे पहिलं. तुमच्या दोघांत तो दोष असेल, तर दर वेळी चारातून एक बाळ आजारी निघतं. तीन निघत नाहीत. आधीची दोन गेली म्हणून हे जाईल असं नाही, आणि आधीची गेली म्हणून हे वाचेलच असंही नाही. दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात.

सून: चारातून तीन.

डॉक्टर: हो. तीन चांगल्या. तीन आठवड्यांनी पोटातून नमुना घेऊ, म्हणजे नक्की कळेल. पण त्यासाठी मला तुमचं आणि नवऱ्याचं रक्त पुरणार नाही. हा दोष कुठून खाली आला, याची खात्री करावी लागेल, नाहीतर तपासणी चुकीच्या जागी व्हायची. काकूंचं रक्त लागेल. आणि तुमच्या वडिलांचं.

सासू: त्याचं घ्या की. साधी तपासणी म्हणून घ्या. त्याला कशाला काय सांगायचं?

डॉक्टर: का घेतेय ते सांगितल्याशिवाय मी कुणाचं रक्त घेत नाही, काकू. सही लागते त्यांची. आणि ते विचारतीलच, मुलीच्या सासूचं नि माझं रक्त एकत्र कशाला पाठवताय.

सासू: मग नाही सांगायचं. दुसरा मार्ग काढा काहीतरी. अहो, सत्तावन्न वर्षांचा माणूस आहे तो. त्याला आता कसं सांगायचं, की तुझी आई तुझी नाही? घरी शहाऐंशी वर्षांची म्हातारी आहे. तिचे केस हा विंचरतो. हाच भरवतो.

सून: आजीला माहीत आहे? तुम्ही कोण ते?

सासू: लग्नात माझा हात धरला होता तिने, आठवतं? कितीतरी वेळ सोडेचना. सगळे हसले, म्हातारीला विहीण फार आवडली म्हणून. ओळखलं होतं तिने मला. काही बोलली नाही. नुसतं कानात म्हणाली, सांगू नको हं.

सून: आणि तुम्ही ऐकलंत तिचं.

सासू: ऐकलं.

सून: आता माझं ऐका. मी दोघांना पोचवून आलेय. तिसऱ्याच्या वेळी कुणाच्या शपथेपायी गप्प बसणार नाही मी. बाबांना सांगायचं. आणि मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं.

सासू: मी?

सून: तुमचाच भाऊ आहे.

सासू: तोंड कसं दाखवू गं त्याला?

सून: ते मला नका विचारू. मी तुमच्या बाजूला बसेन. बोलणार नाही काही, पण बसेन.

सासू: माझ्यावर रागावलीस ना?

सून: खूप. इतकी की उद्या तुमच्याशी बोलेन की नाही ते मला आत्ता सांगता येत नाही. डोळे पुसा. असे डोळे बघून घाबरतील ते.

डॉक्टर: बोलावू का मी त्यांना? की तुम्हीच बाहेर जाता, काकू?

सासू: आतच बोलवा. बाहेर लोक आहेत.

डॉक्टर: बरं. उठते मी.

सून: एक मिनिट, डॉक्टर. आवाज येतोय त्यांचा.

डॉक्टर: कुणाशी बोलतायत?

सून: त्यांच्या आईशी. रोज या वेळेला फोन करतात, जेवलीस का म्हणून. होऊ द्या त्यांचं बोलून.